वरची ओळ

६ मार्च, बुधवार

सोलेदादबाईंनी बजावून सांगितलंय, रोज चार ओळी लिहायच्या. काय घडलं ते नको, काय वाटलं ते लिही. मनाचे डॉक्टर असंच बोलतात. मला मेलीला काय घडलं ते लिहिल्याशिवाय काय वाटलं ते कळतच नाही. तेव्हा दोन्ही लिहीन, बाईंना हवं ते बाईंनी निवडून घ्यावं.

कार्निव्हल संपला, ढोल थांबले, मोंतेविदेओ जांभया देत कामाला लागलं आणि पहिल्याच सकाळी आमची बोंब झाली. दवाखान्यांच्या काउंटरवर बसलेल्या मुली पेशंटना डॉक्टरांच्या वेळा देतात, त्यांच्यासमोरचं सॉफ्टवेअर आमचं. फेब्रुवारीअखेर नवी आवृत्ती दिली. आता सकाळच्या गर्दीत पडदे गोठतायत. रांग फुटपाथपर्यंत जाते. एका आजोबांनी म्हणे वैतागून काउंटरवर काठी आपटली.

हेर्मानने सगळ्यांना गोळा केलं. साहेब झाल्यापासून तो उभ्यानेच बोलतो. "कुणाचा भाग हळू चालतोय, ते मंगळवारच्या बैठकीत हवंय मला. अंदाजपंचे नको, मोजून सांगा." मग माझ्याकडे वळला, "नोए, तू बघ." सगळ्यांसमोर. टीमचं प्रमुखपद रिकामं आहे हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावर यामांदू बसतो, त्याचं तोंड कधी बंद नसतं. तो कुजबुजला, "म्हातारबाचं काही खरं नाही आता."

म्हातारबा म्हणजे एबेर. डॉक्टरांच्या रिकाम्या वेळा शोधून देणारा भाग त्याचा, मी शाळेत होते तेव्हापासूनचा, एकट्याने लिहिलेला. हेर्मानला तो काढून नवा करून घ्यायचाय, फक्त निमित्त सापडत नाहीये. सापडलं तर भाग जाईल आणि भागाबरोबर एबेरही, कारण त्या वयाच्या माणसाला दुसरं काम देतंय कोण? त्यानेच मला इथे आणलं. कामाचं जे काही येतं, ते त्याच्या शेजारी बसून आलं.

नव्या आवृत्तीत माझंही काम आहे. डॉक्टरांचं वेळापत्रक आधी दर वेळी तळघरातून आणल्यासारखं आणावं लागायचं, ते मी आता हाताशी आणून ठेवलंय. दोघांनी एकदम हात घालून गोंधळ करू नये म्हणून कडीही लावलीय, एका वेळी एकानेच आत जायचं. एकदम सुरक्षित. म्हणजे माझ्यामुळे काम कमीच झालं. मी या भानगडीत कुठेच नाही, हे एक बरं.

८ मार्च, शुक्रवार

बायकांच्या मोर्चाला गेले. आवाज पार बसलाय. आज एवढंच.

११ मार्च, सोमवार

मोजलं.

आईला फोनवर सांगत होते तर म्हणाली, "मोजलं म्हणजे काय केलंस, फूटपट्टी लावलीस?" तिला असं समजावलं: समज, तुझ्या स्वयंपाकघरात मी दर क्षणाला डोकावते आणि या क्षणी कुणाचा हात चालतोय ते टिपते. कांदा चिरणारीचा, की कणीक मळणारीचा. सकाळभर डोकावले की कुणी किती काम केलं ते कळतं. त्याला म्हणायचं प्रोफाइल. "आणि जी नुसती उभी आहे तिचं काय?" आईने विचारलं. नुसती उभी असेल ती टिपत नाहीत, म्हटलं. हात चालत नसेल तर टिपायचं काय?

जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल जपून ठेवलेलं होतंच, नव्याचं आज सकाळी गर्दीत घेतलं. मग दोन्ही ‘रेस्ता’ला दिली. रेस्ता म्हणजे वजाबाकी. ही एबेरचीच छोटीशी कमांड. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तिचं नाव लिहायचं, पुढे जुनी फाइल, मग नवी. ती एकातून दुसरं वजा करते आणि ओळीमागून ओळ दाखवते: कुणाचा वाटा वाढला, कुणाचा घटला, सगळं टक्क्यांत. सगळ्यांत वर एकच ओळ वेगळी असते, एकूण काम आधी किती होतं आणि आता किती. मी नवी होते तेव्हा एबेरने या वरच्या ओळीवरून माझं डोकं खाल्लं होतं. "आधी ती वाच, पोरी, मग खाली उतर. रविवारी आमच्या टेबलावर अख्खं खानदान जेवतं, तेव्हा आईचा वाटा केवढासा. सोमवारी ती एकटी जेवते, तेव्हा घरातलं सगळं जेवण तिच्याच पोटात. म्हणून ती खादाड झाली का?" हा दाखला मी निदान वीस वेळा ऐकला असेन. त्याची आई कशी दिसते ठाऊक नाही, पण ती किती जेवते ते मला पाठ आहे.

निकाल असा: एबेरचा भाग आधी बारा टक्के होता, आता एकतीस. बाकी सगळ्यांसमोर वजा, त्याच्या एकट्यासमोर अधिक. वरच्या ओळीत एकूण काम निम्म्याहून कमी झालेलं. ती माझी कमाई, वेळापत्रक हाताशी आणल्याची.

एकतीस बघून एबेरसाठी वाईट वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. माझ्याकडे उत्तर होतं.

बैठकीसाठी पान तयार केलं. वरची ओळ काढून टाकली. अक्षरं मोठी केल्यावर ती मावत नव्हती, आणि शिवाय मी स्वतःचीच टिमकी वाजवतेय असं दिसलं असतं.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी एबेर नेहमीसारखा थर्मास काखेत मारून आला. तुंब्यात येर्बाचा कडू पाला भरून वर गरम पाणी ओतलं, पहिला घोट स्वतः घेतला, दुसरा तुंबा माझ्यापुढे केला. इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नाही. मी प्यायले आणि परत देताना तोंडातून निघून गेलं, "थँक्यू." येर्बाच्या वेळी थँक्यू म्हणजे बस्स, आता मला नको. मी आजवर त्याला कधी म्हटलं नव्हतं. त्याने फक्त भुवया वर केल्या. "एकच? तब्येत बरी आहे ना ग?"

बैठकीत पान लावलं. मी आरोपाचा शब्द उच्चारला नाही, नुसते आकडे वाचले. बारा, एकतीस. हेर्मानने टेबलावर बोटं वाजवली.

एबेर पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "वरची ओळ कुठाय?"

"पडद्यावर मावली नाही," मी म्हटलं.

सगळे हसले.

"आकडा एवढा स्पष्ट असताना आणखी काय हवंय तुला, एबेर?" हेर्मान म्हणाला. एबेर त्याच्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी पान बदललं. त्याने थर्मास उचलला आणि बाहेर गेला.

सोलेदादबाई, काय वाटलं ते लिहायचं ना? मोजमाप केलं आणि मांडलं. एवढंच मला सांगितलं होतं.

१५ मार्च, शुक्रवार

ठरलं. यामांदू नवा भाग लिहिणार. एबेरने आपला भाग त्याला समजावून सांगायचा आणि मग, हेर्मानच्या शब्दांत, "जरा विश्रांती घ्यायची." यामांदू म्हणाला, "समजावणार कसला, बायबल वाचून दाखवणार." मला हसू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

एबेर आता माझ्याआधी येऊन बसलेला असतो. पूर्वी कधी एवढ्या लवकर यायचा नाही, सालिनासहून बसने यायला वेळ लागतो त्याला. समोर पडदा काळा. काम नाही, काही नाही, नुसता बसलेला असतो. मी दारातून आत आले की मान वर करतो आणि मी बसेपर्यंत बघत राहतो. मी बसले की खाली बघतो. काय बघतो असा? शिव्या घालायच्या तर तोंडाने घाल की.

२५ मार्च, सोमवार

धो धो पाऊस, आणि पाऊस आला की इथे घरोघरी कढई चढते, त्यामुळे अख्ख्या शहराला तळणाचा वास. एबेरने घरून तोर्ता फ्रिता, म्हणजे जाड तळलेल्या पुऱ्या, आणल्या होत्या, कागदात गुंडाळून, अजून कोमट. सगळ्यांना एकेक दिली, माझ्या टेबलावर दोन ठेवल्या आणि तिथेच घुटमळला.

"काही विचारायचंय का तुला?" म्हणाला.

"मला? कशाबद्दल?"

"नाही, सहज."

"नाही रे. काही नाही."

"बरं," म्हणाला आणि जागेवर गेला. कागदाला तेल सुटलं होतं. मला वाटलं टोमणा मारतोय. दोनही खाल्ल्या मात्र. चांगल्या होत्या.

१ एप्रिल, सोमवार

प्रमुखपद मिळालं. आईने फोनवर किंकाळी मारली, शेजारी धावत आले म्हणे. यामांदूने वाकून कुर्निसात केला, "हुकूम, बाईसाहेब." एबेर उठून आला आणि गालाला गाल लावून म्हणाला, "तू चांगलं काम करशील." सरळ, मनापासून. मला रडू फुटेल की काय वाटलं, म्हणून फोन आल्याचं सोंग केलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

पुढचा आठवडा सुट्टीचा, अर्धं ऑफिस दुपारीच समुद्रकिनाऱ्यावर पळालं. एबेरचा शेवटचा दिवस त्यांनी नेमका आजच ठेवला. राजीनामा त्याने स्वतःच दिला, नाव त्याचंच, अक्षरही त्याचं. केक होता. हेर्मानचं भाषण झालं, "आपल्या घराचा पाया" वगैरे. पायाला निरोप देताना एवढा मोठा केक कशाला लागतो कोण जाणे.

लिफ्टपर्यंत मी सोडायला गेले. त्याच्याकडे एकच खोकं होतं. लिफ्ट येईना. आमची लिफ्ट कधीच वेळेवर येत नाही.

"ते पडदे गोठतात ना," तो म्हणाला, "ते एकेक गोठतात, का सगळे एकदम?"

"एबेर, सुटलास ना तू यातून? आता डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

"खरंय," म्हणाला.

लिफ्ट आली. दार लागेपर्यंत तो बघत होता. मला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा राग आला. बाई, हे तुम्हाला हवं होतं, घ्या.

७ मे, मंगळवार

यामांदूचा नवा भाग काल रात्री बसवला. आज सकाळी पडदे गोठले. अगदी तसेच. दवाखान्यांतून फोनवर फोन. यामांदूच्या तोंडचं पाणी पळालं. हेर्मान पहिल्यांदाच खुर्चीत बसून बोलला.

९ मे, गुरुवार

दुपारी सगळे मिलानेसा, तळलेलं मटण, खायला खाली गेले, मला भूक नव्हती. नवं प्रोफाइल घेतलं होतं, ते फेब्रुवारीच्या जुन्याबरोबर रेस्ताला दिलं. यामांदूचा भाग: तीस टक्के.

मी मोठ्याने हसले. हाही खादाड?

आणि हसता हसताच थांबले. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं काम, आणि वाटा सारखाच? मग वर बघितलं. एकूण काम आधी केवढं, आता केवढं. हा आकडा मी मार्चमध्येही पाहिला होता, माझी कमाई म्हणून पाहिला होता. टेबलावरची सगळी मंडळी मीच उठवली होती. वेळापत्रक आणण्याचं काम नाहीसं झालं, ताटं रिकामी झाली, आणि जेवायला उरली एबेरची आई. ती जेवढं खायची तेवढंच खात होती.

 रेस्ताला सांगितलं, टक्के नकोत, सेकंद दाखव. एबेरच्या भागाचे सेकंद आधी जेवढे, नंतरही तेवढेच. उलट चार-दोन कमीच.

मग वेळ जातोय कुठे? कामच निम्म्यावर आलंय आणि तरी पडदे गोठतात, म्हणजे कुणी काम करत नाहीये. सगळे उभे आहेत. आई म्हणाली होती, नुसती उभी आहे तिचं काय. एका वेळी एकानेच आत जायचं, ही कडी माझी. कुठल्याही डॉक्टरने वेळ बदलली की वेळापत्रक नव्याने भरायचं, तोवर दार बंद आणि शहरभरच्या दवाखान्यांतल्या सगळ्या मुली दाराबाहेर. सगळे पडदे एकदम. लिफ्टपाशी त्याने हेच विचारलं होतं. प्रोफाइलमध्ये ताटकळणारे दिसत नाहीत. दिसतो तो फक्त काम करणारा, आणि तो एकटाच दिसत असला की तोच गुन्हेगार वाटतो.

यामांदू वर आला, म्हणाला, "तुझ्यासाठी अर्धा मिलानेसा आणलाय, तोंड असं काय केलंयस, कुणी गेलं का?"

१० मे, शुक्रवार

दुरुस्ती मूठभर ओळींची होती. वाचणाऱ्यांना आत सोडायचं, नवं भरायचं ते बाजूला भरायचं आणि मग अदलाबदल. लाज वाटावी इतकी सोपी.

हेर्मानच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. तो ऐकत होता, मग म्हणाला, "झालं का दुरुस्त?"

"झालं."

"मग झालं तर."

"मंगळवारच्या बैठकीत सांगते सगळ्यांना."

"कशाला? यामांदूचं नाक कापायला? प्रमुख होऊन दीड महिना झाला तुला. एबेर काय आज ना उद्या जाणारच होता." दार उघडून धरलं त्याने माझ्यासाठी. "चांगलं काम केलंस, नोए."

१४ मे, मंगळवार

आज पडदे सुरळीत चालले. बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. सांगायचं ठरवून गेले होते, वाक्यसुद्धा मनात जुळवलं होतं. टाळ्या थांबल्या, मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सगळ्यांमुळेच झालं हे."

शी.

२९ मे, बुधवार

महिन्याची एकोणतीस, म्हणजे न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. सगळे कोपऱ्यावरच्या खानावळीत गेलो, पैसा टिकावा म्हणून रिवाजाप्रमाणे ताटाखाली नाणी सरकवली. नवी मुलगी लागलीय, आगुस्तिना, तिला यामांदू ऑफिसचे किस्से ऐकवत होता. "आणि तो म्हातारबा! त्याचा तो बसलेला बैल आम्ही वर्षानुवर्षं ओढला. शेवटी नोएने पकडला. बारावरून एकतीस!"

मी काटा ठेवला आणि म्हटलं, "खोटं आहे ते."

"काय खोटं?"

"एबेरचा भाग नीट होता. दोष माझा होता. पडदे मी गोठवले होते, मार्चपासून मेपर्यंत, आणि त्याच्यावर ढकललं. वरची ओळ मी कापली होती. तुझा भाग चांगला आहे यामांदू, पण त्याची गरज नव्हती."

 यामांदू आधी पांढरा पडला, मग लाल. म्हणाला, "मग मी दोन महिने काय केलं?"

आगुस्तिनाने हळूच विचारलं, "एबेर कोण?"

"नोए," हेर्मान चीज किसत म्हणाला, "न्योकी थंड होतायत."

आणि सगळे जेवायला लागले. मीही. एवढंच बोलायचं होतं, तर चौदा तारखेच्या बैठकीत का नाही बोलले?

८ जून, शनिवार

सालिनासला गेले. फोन केला नाही, केला असता तर नको म्हणाला असता. जूनच्या हिवाळ्यात ते समुद्रकाठचं गाव कसलं ओसाड असतं, घरांच्या खिडक्यांना फळ्या, रस्त्यावर नुसती वाळू आणि कुत्री. एबेर अंगणात पाइनची लाकडं फोडत होता. मला बघून कुऱ्हाड खाली ठेवली, हात पँटला पुसले.

"ये," म्हणाला. जणू मी रोजच येते.

आत चुलीजवळ त्याची आई बसली होती. एवढीशी, पक्ष्याएवढी, आणि समोर सुपाची वाटी. "ही आपली खादाड," एबेर म्हणाला. मला हसता येईना.

म्हातारीने मला निरखलं. "ही नोए का? जी विचारायला येणार होती ती?"

"आई, सूप पी."

"पितेय की. अग, मार्चात हा अंधारातच उठून बस पकडायचा. म्हटलं एवढ्या लवकर कशाला रे, काम तर काढून घेतलंय तुझ्याकडून. म्हणायचा, आज पोर विचारेल, लोक यायच्या आधी मी तिथे असायला हवं, चारचौघांत नाही विचारायची ती. संध्याकाळी आला की मी विचारायची, आली का? म्हणायचा, उद्या येईल. तोर्ता फ्रितासुद्धा करून घेतल्या माझ्याकडून."

एबेर थर्मासात पाणी ओतत होता, पाठमोरा.

मी उभीच होते. तो काळा पडदा, ती वर होणारी मान. रोज सकाळी. आणि मी म्हणत होते शिव्या घालतोय.

सगळं सांगितलं. कडी, सेकंद, खानावळ. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मी म्हटलं, "तुला बैठकीतच कळलं होतं."

"थोडंफार. ओळ असती तर पूर्ण कळलं असतं."

"मग बोलला का नाहीस? एबेर, एका वाक्यात झालं असतं!"

"बोललो की. ओळ कुठाय विचारलं." त्याने तुंबा माझ्या हातात दिला. "तू म्हणालीस मावली नाही आणि सगळे हसले. तूही हसलीस. तिथून पुढे मला बोलता येईना ग. वाटलं, हिला एकटीला कळू दे. कळल्यावर येईल. तू हुशार आहेस, दोन दिवस लागतील, फार तर आठवडा."

"परत ये. मी हेर्मानच्या मागे लागते. प्रमुख आहे मी आता, माझं ऐकावं लागेल."

"माझा भाग आहे का तिथे अजून?"

"नाही."

"जपून ठेवलाय कुठे?"

"जुन्या फाइलींत असेल."

"मग मी येऊन बसू कशापाशी?" तो विचारत होता, टोमणा नव्हता.

म्हातारी सूप संपवून डुलक्या घेऊ लागली. आम्ही तुंबा फिरवत राहिलो, तो मला, मी त्याला. मी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं नाही तोवर पुढचा तुंबा येत राहतो, एवढाच हिशेब डोक्यात होता. लाकूड फुटल्याचे आवाज येत होते चुलीतून. तो आईच्या गुडघ्यांबद्दल बोलला, छपराबद्दल बोलला. कामाबद्दल एक शब्द नाही. मग थर्मास तिरपा केला तर दोन थेंब पडले. पाणी संपलं होतं. किटली तिथेच चुलीवर होती, पण त्याने पुन्हा भरलं नाही.

"अंधार लवकर पडतो हल्ली," म्हणाला. "शेवटची बस चुकवू नकोस."

फाटकापर्यंत आला. गालाला गाल लावला, एक एप्रिलसारखाच. परतीच्या बसमध्ये मी सबंध वाट त्याच एका वाक्यापाशी अडकले होते. मी हसले होते? मला आठवत नव्हतं. मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाला भलतं काहीतरी आठवतं.

घरी येऊन आधी ही वही काढली. बारा मार्चचं पान. "पडद्यावर मावली नाही," मी म्हटलं. पुढे लिहिलंय, सगळे हसले.

एबेर हसला नव्हता, हे मला नक्की आठवतं. बाकी सगळे हसले. त्यात मी होते.